पुलाच्या खांबावरची एक वीत

मी, पुलाच्या पायथ्याशी असलेल्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानाचा मालक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आज सकाळी पावणेसातला नदीची पातळी वाचून, चहा पिऊन आणि चष्मा दोनदा पुसून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणाचा धाक नाही, कसली नशा नाही. भीती मात्र आहे. ती कशाची, हे पुढे येईल. पत्नी हयात असताना मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात मी सगळे तिच्या नावावर केले होते आणि ती माझ्याआधी निघून गेली, म्हणजे तिथेही तिने माझे ऐकले नाही.

ओळख पटावी म्हणून सांगतो: गावात मला 'पट्टीवाले' म्हणतात. पुलाच्या मधल्या खांबावर आकड्यांची एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. पाणी तिच्या ज्या आकड्याला टेकते ती त्या दिवसाची नदीची पातळी. गेली एकतीस वर्षे मी सकाळी पावणेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला ती वाचून वहीत लिहितो. हे काम मला नदी समितीने दिले. पगार नाही, रजा नाही, आणि दुसरा कोणी तयार नाही. पोटाचा धंदा पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचा. म्हणजे दिवसभर नदीतून पाणी उपसणाऱ्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ नदीत पाणी किती उरले ते मोजायचे. पत्नी म्हणायची, 'चोराला म्हणता चोरी कर, नि सावाला म्हणता जागा राहा.' मी हसून घालवायचो.

कलम पहिले. दुकानावरचे राहते घर माझ्या मुलीला द्यावे. ती शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे आणि इथे कधी राहायला येईल असे मला वाटत नाही. घर विकायचे तर विकावे, माझी हरकत नाही. जावई भले गृहस्थ आहेत, पण प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतात. तरी विक्रीचे मुलीनेच पाहावे, नाहीतर घर पडेपर्यंत बघणेच चालेल.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही मुलीची. त्यावर जास्त शाई घालवण्याइतकी ती नाही.

कलम तिसरे. दुकान, हाताने फिरवायचे वाइंडिंगचे मशीन, कॉइल गुंडाळायचे लाकडी फर्मे, मीटर, वार्निश सुकवायची भट्टी आणि तांब्याच्या तारेची उरलेली रिळे माझ्याकडे चौदा वर्षे काम करणाऱ्या बाईंना द्यावीत. आता गिऱ्हाईक दारातून 'काका आहेत का' असे विचारते आणि मोटार त्यांच्या हातात देते, यातच सगळे आले. बेअरिंग काढायचा तीन पायांचा पुलर या यादीत नाही, कारण तो सहा वर्षांपूर्वी गिरणीवाल्याने 'तासाभरात आणून देतो' म्हणून नेला. बाईंनी तो परत आणावा आणि आणताना गिरणीवाल्याला लाज वाटेल असे काहीतरी बोलावे. शब्द त्यांच्यावर सोपवतो.

कलम चौथे. पातळीच्या एकूण बासष्ट वह्या माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंकांत आहेत. त्या नदी समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या भूगोलबाईंना द्याव्यात. त्यांतल्या पहिल्या एकोणीस वर्षांच्या वह्या बिनघोर वापराव्यात. पुढच्या बारा वर्षांच्या वह्या

इथे मी उठलो. दुकान ते पूल चाळीस पावले आहेत. पट्टीवर एकोणपन्नास. सकाळीही एकोणपन्नासच होते. भर दुपारी पट्टी वाचायची माझी वेळ नव्हे, आणि पुलावरच्या चहावाल्याने ते बरोबर हेरले. ''काय काका, आज नदीला तिसरा डोस?'' मी परत आलो, बसलो, पाणी प्यालो, पुन्हा उठलो. कलम चौथे अर्धेच ठेवतो आणि पाचवे आधी लिहितो.

कलम पाचवे. नदीच्या वरच्या अंगाला, उतारावर, वडिलांकडून माझ्या वाट्याला आलेली साधारण दीड एकर जमीन आहे. तिच्यात बारमाही झरा आहे. ती जमीन झऱ्यासकट माझ्या धाकट्या भावाला द्यावी.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कारण द्यावे लागत नाही. मला द्यावे लागते.

आमची नदी वरच्या डोंगरातून सात टप्प्यांनी खाली उड्या घेत येते. लोक लांबून ती पाहायला येतात, फोटो काढतात आणि रिकाम्या बाटल्या ठेवून जातात. तीस-एकतीस वर्षांपूर्वी तिची दशा झाली होती. डोंगर उघडा पडला होता, ओढे माती घेऊन येत होते, गावाचे सांडपाणी थेट पात्रात. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी तेव्हा एका वर्गात सोळा माणसे बसवून समिती काढली. त्या म्हणाल्या, ''नदी पुलाखाली वाचत नाही, वर डोंगरात वाचते.'' मग आम्ही ओढ्यांत दगडी बांध घातले, सांडपाणी वळवले, उतारावर झाडे लावली. झाडे म्हणजे रोपे लागतात, आणि रोपे माझ्या धाकट्याने दिली. वर नदीकाठी त्याची रोपवाटिका होती. त्याच्या हाताला गुण आहे, माझ्या हातून घरातली तुळसही जगत नाही. त्या डोंगरावर आज जी सावली आहे तिच्यातली निम्मी त्याच्या पिशव्यांतून गेलेली आहे. हे समितीच्या कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही, म्हणून इथे लिहितो.

बारा वर्षांपूर्वी मोठा पूर आला आणि पट्टी वाहून गेली. पाणी ओसरल्यावर नवीन पट्टी मीच ठोकली. पट्टी कुठे ठोकायची याची खूण म्हणून खांबात पितळेचा एक बोल्ट आहे. त्याच्या बरोबर एक मीटर खाली पट्टीचा शून्य यायला हवा. मी बोल्ट शोधला, टेपने मीटर मोजला, पट्टी ठोकली आणि दोन्ही हात झटकले.

बोल्ट एक नव्हता, दोन होते. वरचा पूल बांधणाऱ्यांचा, त्याचा पट्टीशी काही संबंध नाही. आपला बोल्ट त्याच्या एक वीत खाली, आणि तो पुराच्या गाळाखाली गाडला गेला होता. मला दिसला तो वरचा. पट्टी एक वीत, म्हणजे बावीस सेंटिमीटर, वर बसली. आणि पट्टी वर बसली की पाणी तेवढेच कमी दिसते. नदी होती तिथेच होती.

त्यानंतर वह्यांत पातळी एकदम उतरलेली दिसू लागली. कोणालाच नवल वाटले नाही. पुराने पात्र खरवडले, म्हणून पाणी खाली गेले, असे कारण आम्हीच शोधून काढले. नऊ वर्षांपूर्वी भूगोलबाई माझ्या वह्या घेऊन कचेरीत गेल्या आणि हुकूम मिळवून आल्या: पट्टीवर पाणी साठच्या खाली गेले की पुलाच्या वरच्या अंगाचे सगळे पंप बंद. साठ हा आकडा आमच्या जुन्या वह्यांतला. जुन्या पट्टीवर पाणी साठच्या खाली गेले की खालच्या डोहातले मासे मरायला लागायचे. हुकूम बरोबर होता, आकडा बरोबर होता. पट्टी चुकीची होती.

पुढच्या उन्हाळ्यात पट्टीने चौसष्ट दिवस साठच्या खाली दाखवले. चौसष्ट दिवस पंप बंद. धाकट्याच्या वाटिकेत अठरा हजार रोपे होती, बहुतेक आमच्याच डोंगरासाठी मागवलेली. त्याने माझ्याकडे झऱ्याचे पाणी मागितले. झरा ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, म्हणून मी नाही म्हणालो. समितीचा माणूस सख्ख्या भावाला सूट देतो असे कोणी म्हणायला नको होते. खरे तर मला त्यात थोडी शेखीही वाटली, तेही लिहून ठेवतो.

एका पहाटे मी पुलावर असताना वरून मोटारीचा आवाज आला. गावातल्या निम्म्या मोटारी माझ्या हातच्या. कोणती कशी गुरगुरते ते मला बघावे लागत नाही. ती धाकट्याची होती. मी समितीला सांगितले. त्याच दिवशी सगळ्यांसमोर त्याच्या पंपाला सील ठोकले गेले, आणि सील धरायला मी होतो.

संध्याकाळी शाळेत सभा झाली. तो उभा राहून म्हणाला, ''दादा, पाणी आहे रे. मी रोज त्याच दगडावर उभा राहून बादली भरतो. पूर यायच्या आधी पोटरीला लागायचं, आजही पोटरीलाच लागतं. तुझी पट्टी काहीही म्हणू दे.''

मी म्हणालो, ''मग पुढच्या वर्षीपासून समिती तुझी पोटरी वाचेल.''

सभेत हशा पिकला. तो खाली बसला. रोपे वाळली, वाटिका बंद पडली, आणि तो वरच्या हॉटेलात माळी म्हणून लागला. ज्या हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत आमचा हुकूम खुपतो, त्याच्याच हिरवळीला माझा भाऊ आठ वर्षे पाणी घालतो आहे. माझ्याशी तो तेव्हापासून बोललेला नाही. समोरून आला तर बाजूला होतो, पण टोपी काढतो. ती टोपी मला शिवीपेक्षा जास्त लागते.

इथपर्यंत जे लिहिले ती चूक आहे. चूक माणसाकडून होते. पुढचे चूक नाही.

दोन वर्षांपूर्वी समितीच्या सफाईच्या दिवशी स्वयंसेवकांनी ब्रश घेऊन खांब घासला. शेवाळ आणि वाळलेल्या गाळाचा पोपडा निघाला आणि त्याखालून पितळेचा बोल्ट चमकला. ज्यांनी घासला त्यांना तो नुसता बोल्ट दिसला. मला माझी दहा वर्षे दिसली. मी त्या दिवशी कोणाला काही बोललो नाही. संध्याकाळी साडेपाचला पट्टी वाचायला गेलो तेव्हा सोबत ग्रीसचा डबा नेला, आणि त्या बोल्टवर ग्रीस आणि माती थापून आलो.

तेव्हापासून मी रोज दोनदा वहीत खोटा आकडा लिहितो. पट्टी वाचून लिहितो, तरी खोटा. आज पट्टीवर एकोणपन्नास आहे, म्हणजे खरे एकाहत्तर. म्हणजे हे लिहीत असताना वरच्या अंगाचे चौदा पंप विनाकारण बंद आहेत. आणि मी गप्प आहे, कारण तीन आठवड्यांनी त्या हुकमाची मुदत वाढवायची सुनावणी आहे. हॉटेलवाल्याने मोठा वकील दिला आहे. त्याला हे कळले तर तो बासष्टच्या बासष्ट वह्या रद्दीत घालील, हुकूम जाईल, आणि ज्या नदीसाठी मी भाऊ घालवला ती नदीही जाईल. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरते. एका जागी बसवत नाही. म्हणून ठरवले की मृत्युपत्रात लिहावे. मी गेल्यावर सगळ्यांना कळेल आणि झरा धाकट्याला मिळेल. माझ्या परीने हिशेब चुकता.

हे इथवर लिहून दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे नेले. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्यांनी टेबलावरची फाइल बाजूला सारून सगळे शांतपणे वाचले, मग कागद खाली ठेवला.

''काका, कायद्याच्या दृष्टीनं यात काही अडचण नाही. एक विचारू?''

''विचारा की.''

''हे उघडलं जाईल तेव्हा तुम्ही नसाल. तुमचे भाऊ तुम्हाला काही विचारायला आले तर त्यांनी कोणाला विचारायचं? मला?''

मी म्हणालो, ''त्यासाठी तर मृत्युपत्र आहे.''

''हो ना,'' त्या म्हणाल्या. ''म्हणजे दोन वर्षं ग्रीसखाली होतं, आता पाकिटात राहील.''

मला संताप आला. फी घेऊन असे बोलतात का, असे मनात आले. घरी येताना वाटेत तिसऱ्यांदा पुलावर थांबलो. चहावाल्याने या वेळी नुसता चहा पुढे केला. मी तो उभ्यानेच प्यालो, अर्धा सांडला, आणि घराकडे न वळता वरच्या वाटेला लागलो.

धाकट्याच्या घरी आठ वर्षांत गेलो नव्हतो. वाटिकेच्या मांडवावरची हिरवी जाळी फाटून लोंबत होती, खाली काळ्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग. भावजय ओट्यावर कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ''भाऊजी, कोणी गेलं का?'' एवढेच तिने विचारले. आमच्याकडे इतक्या वर्षांनी भाऊ दारात आला तर तेच वाटायचे.

धाकटा बाहेर आला. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. दोन बोल्ट, एक वीत, चौसष्ट दिवस. वह्यांवरून मी मोजले होते, त्या उन्हाळ्यात खरे दिवस भरले असते अकरा. अकरा दिवस त्याची रोपे सहज तगली असती. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला,

''तुला कधी कळलं?''

''दोन वर्षं झाली.''

''बारा वर्षांपूर्वी चुकलास ते ठीक आहे. मीही टेप उलटी धरतो कधी कधी. पण दोन वर्षं, दादा? दोन वर्षं मी त्या हॉटेलात गवत कापत होतो नि तू रोज पुलावरून मला जाताना बघत होतास?''

''हो.''

तो आत गेला. दार लावले. भावजयीने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीही आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. उठून जावे असे दहा वेळा वाटले. रडू येत होते आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या ओट्यावर रडायची लाजही वाटत होती. तरी रडलो. बऱ्याच वेळाने दार उघडले. धाकट्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि हातात पाना होता.

''ऊठ. आधी पट्टी खाली घेऊ. शिव्या नंतर देतो.''

तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कमरेइतक्या पाण्यात उतरला. मी शिडीवरून बोल्टवरचे ग्रीस पुसले, टेप लावली. त्याने पट्टी धरली आणि टेप माझ्या हातातून काढून स्वतः पुन्हा मोजले. मी बोलणार होतो, पण कोणत्या तोंडाने बोलणार. पट्टी बसली. पाणी एकाहत्तरला टेकले. पुलावर तोवर वीसेक माणसे जमली होती, त्यांत भूगोलबाईही होत्या, काठी टेकत आलेल्या.

त्यांना सांगणे भावाला सांगण्यापेक्षा सोपे असेल असे वाटले होते. नव्हते. त्या वर्गात रागवायच्या तशा रागावल्या. ''पट्टीवाले, मी तुमच्या वह्या छातीशी धरून कचेरीत गेले होते. आता सुनावणीत कोणतं तोंड दाखवू?''

हॉटेलवाल्याचा विषय मीच काढला. म्हणालो, ''बाई, सुनावणीपर्यंत पट्टी झाकून ठेवता येईल, कोणी...'' वाक्य पुरे झाले नाही. धाकट्याने माझ्याकडे पाहिले, बाईंनी पाहिले, आणि मला कळले की माझी खोड अजून गेलेली नाही.

''नाही,'' बाई म्हणाल्या. ''पंप आज उघडतील. आणि वह्या आज माझ्याकडे येतील, तुमच्या मरणाची वाट न बघता.''

त्यांनी पाच दिवस बसून बारा वर्षांच्या प्रत्येक आकड्यात बावीस मिळवले. वाइंडिंगवाल्या बाईंनी आणि भावजयीने त्यांना आकडे वाचून दाखवले. निष्पन्न असे: एकतीस वर्षांत उन्हाळ्यातली नदी एकतीस नाही, नऊ सेंटिमीटर उतरली आहे. नऊ खरे आहेत. बाईंनी दुरुस्त केलेला तक्ता, चूक कशी झाली त्याचा खुलासा आणि माझा सहीचा कबुलीजबाब स्वतः कचेरीत दिला. हॉटेलवाल्याला त्याची प्रत मिळाली आहे. तो खूश आहे असे धाकटा सांगतो. धाकट्याने त्याला विचारले म्हणे, ''साहेब, नऊ कमी वाटतात का? तुमच्या पोहायच्या टाकीतून रोज नऊ काढून बघू का?'' दुसऱ्या दिवसापासून माझा भाऊ तिथे कामाला नाही. काढला की सोडले, हे तो सांगत नाही.

सुनावणी उद्या आहे. हुकूम राहील की जाईल, मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. जायचा असेल तर तो माझ्यामुळे जाईल, हे मला मान्य आहे, आणि ते सहन होत नाही, हेही लिहितो. आज पहाटेपासून मी अकरा वेळा उठलो.

आता मृत्युपत्र पुढीलप्रमाणे दुरुस्त करतो.

कलम चौथे खोडावे. वह्या भूगोलबाईंकडे पोचल्या आहेत.

कलम पाचवेही खोडावे. मी त्याला म्हणालो होतो की झरा तुझ्या नावाने लिहिला आहे, माझ्यामागे तुला मिळेल. त्यावर तो भडकला. ''म्हणजे मी तुझ्या मरणाकडे डोळे लावून बसू? मी अडुसष्टचा आहे, तू मरायला पंधरा वर्षं घेतलीस तर पिशव्यांत माती भरायला मी राहीन का? द्यायचं तर आत्ता दे.'' म्हणून ती जमीन झऱ्यासकट काल बक्षीसपत्राने त्याला दिली आहे. झऱ्याचे अर्धे पाणी ओढ्यासाठी सोडायचे, अर्धे रोपांना, असे त्यात त्यानेच लिहून घेतले. मी सुचवले नव्हते.

कलम सहावे. पट्टी वाचण्याचे काम माझ्यामागे एका माणसाकडे देऊ नये. ते दोघांकडे असावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने त्याच्यावर विश्वास न ठेवता पुन्हा वाचावे, आणि दोघांनी सही करावी. दरवर्षी पूर ओसरल्यावर खालच्या बोल्टपासून मीटर मोजून पाहावा. वरचा बोल्ट मी कापून काढला आहे.

कलम सातवे. मी गेल्यावर समितीने भाषणे ठेवू नयेत. उपाध्यक्षांनी तर मुळीच बोलू नये. ते 'नदीचे सुपुत्र' असे काहीतरी म्हणतील आणि मला उठून दुरुस्त करता येणार नाही. माझे नाव कोणत्याही फलकावर घालू नये. डोंगरावर फलक लावायचाच असेल तर रोपे कोणी दिली ते लिहावे.

कलम आठवे. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी मला जे ऐकवले त्याची फी लावली नाही, याची नोंद घ्यावी.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, आणि खोडलेल्या प्रत्येक जागी सही केली. एकही ओळ ग्रीसखाली ठेवलेली नाही. दोन साक्षीदारांच्या समोर, ते माझा हात हलताना पाहत असताना, खाली सही करतो.

ठिकाण: पुलाखालचे वाइंडिंगचे दुकान.
दिनांक: सुनावणीच्या आदला दिवस, सकाळी सव्वासात. पट्टीवर अडुसष्ट. दोघांनी वाचले.

(सही)
पट्टीवाले

साक्षीदार पहिला: शेजारचा औषध दुकानदार. काकांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचलेला नाही. रक्तदाबाची गोळी आज घेतली आहे, तीही माझ्यासमोर.
(सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. या कागदाने मला काही मिळत नाही, म्हणून मी साक्षीदार चालतो, असं वकीलबाई म्हणाल्या. मजकूर सगळा वाचला. दादा शुद्धीवर आहे. दोन वर्षांपूर्वीही होता. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि हे इथे लिहिलेलं चालतं का ते विचारून मगच लिहिलं. झऱ्याखाली पहिल्या चारशे पिशव्या भरून झाल्या आहेत. रोपं तयार झाली की ती डोंगरावर चढवायची आहेत आणि माणसं कमी आहेत, तेव्हा हा कागद वापरायची त्याने घाई करू नये.
(सही)